ओळखलं काय मले?

नियम ७

फोन करणारा स्वतःचं नाव न सांगता, घेणाऱ्यालाच ते ओळखायला सांगत असेल, तर तो फोन यंत्राचा समजावा आणि तोडावा. आवाज ओळखीचा वाटला तरी. नंबर ओळखीचा असला तरी. वय, नातं, आजारपण यांचा अपवाद नाही.

मसुदा: हर्षा गावंडे, मराठी विभाग, पुणे. मंजूर.

•

नियमामागचं कारण

इंटरनेटवरून फोन लावायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, याचा फायदा माणसांच्या आधी यंत्रांनी घेतला. एक यंत्र एका वेळी चार हजार घरी फोन लावतं. कुठल्याही नंबरावरून फोन आल्याचं दाखवू शकतं. नंबर म्हणजे दारावरची पाटी, आणि पाटी कुणीही रंगवू शकतो. कुणाचाही आवाज काढायला त्याला त्या आवाजाची काही मिनिटं पुरतात. बोलण्यातला वेग, श्वास, अडखळणं यांवरून यंत्र ओळखायचे उपाय निघाले आणि एकेक करून निकामी झाले. यंत्रं अडखळायलाही शिकली.

सुरुवातीला मराठी घरांत त्यांची डाळ शिजत नव्हती. ‘बँकेतून बोलतोय’ म्हटलं की लोक फोन ठेवत. मग लाखो संभाषणं चाळताना यंत्रांना एक सवय सापडली. इथली वडीलधारी माणसं फोनवर नाव सांगत नाहीत. ‘ओळख पाहू, कोण बोलतंय?’ असं विचारतात. आणि ऐकणाऱ्याला आवाज ओळखला नाही हे कबूल करायची लाज वाटते. तो अंदाजाने एक नाव फेकतो.

‘नंदूकाका का?’

‘बरोबर ओळखलंस!’

त्या क्षणापासून यंत्र नंदूकाका होतं. पुढची माहिती ऐकणारा आपणहून पुरवतो: काकूचा गुडघा, प्रशांतचं लग्न. यंत्राला फक्त एक शब्द हवा असतो, ‘हो’. बोललेला होकार आता सहीच्या बरोबरीचा धरला जातो. काका विचारतो, ‘येशील ना?’ पुतण्या म्हणतो, ‘हो’. तो होकार कापून भलत्याच कागदाला चिकटवला जातो.

यावर उपाय म्हणून हर्षाच्या कंपनीने ‘राखण’ आणली, फोनवर पहारा देणारं यंत्र. ती तुमच्या आधी फोन उचलते, नाव आणि काम विचारते, मगच जोडते. नियम सात लागू झाल्यापासून मराठी घरांतले असे शंभरातले चौऱ्याण्णव फोन थांबले. हर्षाला कंपनीने एक रोपटं आणि प्रमाणपत्र दिलं.

•

हर्षाचे मामा, शेषराव बोबडे, परतवाड्याला टेलिफोन खात्यात लाइनमन होते. वय अठ्ठ्याहत्तर.

तुटलेली तार जोडली की ते पोलवरूनच खिशातल्या चाचणीच्या फोनने त्या घरी फोन लावत आणि विचारत, ‘ओळखलं काय मले?’ गावात सगळे त्यांना ओळखत. समोरच्याने नाव बरोबर सांगितलं तर तार नीट जोडली गेली. चाचरला तर खरखर आहे, पुन्हा जोडायची. स्वतः नाव सांगायचं नाही, हा त्यांचा कायदा. ‘नाव सांगतलं का मानूस कानानं आयकत नाई, नावानं आयकते,’ असं ते म्हणत.

हर्षाच्या घरचा फोन महिन्यातून एकदा बंद पडायचा. सहा वर्षांची हर्षा फोनपाशी स्टुलावर बसून राहायची. घंटी वाजली की ‘मामा!’ म्हणून ओरडायची आणि खिडकीकडे पळायची. पोलवरून मामा हात हलवत.

निवृत्तीनंतरही मामांनी नाव सांगितलं नाही. भाची पुण्याला गेली, तिचं लग्न झालं, घटस्फोट झाला, आई गेली. फोन आला की पहिलं वाक्य तेच. नियम सात लिहिताना हर्षाला ते आठवलं होतं. मामा बदलतील, असं तिने गृहीत धरलं.

राखण त्यांचे फोन तोडू लागली आणि मामा रागावले. तिने लावलेले फोनही ते उचलेनात. अगदी मामीच्या फोनवर लावला तरी उठून अंगणात जात. चार महिन्यांनी हर्षाने लावणं सोडून दिलं.

•

राखणने लिहून ठेवलेल्या संभाषणांपैकी एक

राखण: नमस्कार. हर्षा गावंडे यांच्या वतीने बोलत आहे. आपलं नाव?

फोन करणारा: तू कोन?

राखण: मी राखण. आपलं नाव सांगावं.

फोन करणारा: तिले दे फोन.

राखण: नावाशिवाय जोडता येत नाही.

फोन करणारा: तिले म्हना, ओळख म्हना कोन हाये.

राखण: नियम सातनुसार हा फोन बंद करत आहे. आपला दिवस शुभ जावो.

फोन करणारा: माह्या दिवसाचं तू नको—

(तोडला. १९ सेकंद.)

असे चौदा महिन्यांत सत्तर. त्यांतले एकोणपन्नास गेल्या दोन महिन्यांतले. हर्षा ते कधीतरी वाचायची. ऐकले नव्हते. मामांचा नंबर दाखवणारी यंत्रंही पुष्कळ होती.

•

गुरुवारी दुपारी मामीचा फोन आला. इंदूमामींनी नाव सांगितलं होतं, त्यामुळे तो जोडला गेला.

“नाव, गाव, काम, सारं सांगतलं वं त्या बाईले. रेशनच्या लाइनीत बी एवढं विचारत नाई.”

“सॉरी मामी. कशा आहात?”

“मी बरी हाये. आयक. तुह्या मामाचं सोमवारी ऑपरेशन हाये, अमरावतीले. घशात गाठ निघाली. स्वरयंत्रच काढून टाकतात म्हने.”

हर्षा खुर्चीवर बसली. “कधी कळलं?”

“दोन महिने झाले. मले म्हने, तू सांगू नोको, मी सांगीन. रोज तुले फोन लावतात अन् रोज तुही बाई हाकलून देते.”

“द्या ना त्यांना. आत्ता द्या.”

पलीकडे फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. मग पुन्हा मामीच.

“मान हलवून रायले. नाई म्हनतात.”

“मामी, एकदाच नुसतं ‘शेषराव’ म्हणायचं. एक शब्द. लगेच जोडेल.”

“मी का सांगतलं नसन? म्हनतात, सोमवारपासून जनमभर पाटीवर नावच लिहून दाखवनं हाये. त्याच्या आंधी एकदा बिनानावाचा फोन लावतो. कोनी ओळखते का पायतो.”

“आणि नाही ओळखलं तर?”

“असं काहून बोलतं वं?” मामी म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, “थ्या एका गोष्टीसाठी बसून हायेत पोरी. जेवत बी नाई धड.”

•

विभागप्रमुख बागवान सरांच्या खोलीत.

“एका माणसापुरता नियम सात उठवता येईल का?”

“कोण माणूस?”

“मामा.”

बागवान हसले. “अपवाद मागणाऱ्या प्रत्येकाचा एक मामा असतो. हे वाक्य कुणाचं?”

“माझं. प्रशिक्षणात मीच दाखवते ते.”

“मग?”

“मलाही आहे एक.”

बागवानांनी चष्मा काढला. यंत्रं राखणवर अहोरात्र धडका देत असतात; ठेवलेला अपवाद त्यांना सरासरी अकरा मिनिटांत सापडतो आणि मग तो सगळ्यांसाठी उघडा होतो. हे त्यांनी सांगितलं नाही, कारण तेही हर्षाच्याच अहवालात होतं.

“रविवारी तुझ्या फोनची राखण मोकळी सोड,” ते म्हणाले. “सहा तास मिळतात. ती ऐकेल, नोंदवेल, पण अडवणार नाही. फक्त नाव आधी तू घेऊ नकोस.”

“सर, तेवढंच तर करायचंय.”

•

रविवार

९.०० राखण मोकळी.

९.०३ “ओळखलंत का?” तोडला.

९.०४ “ताई, आवाज विसरलात?” तोडला.

९.०४ “हर्षू, सांग पाहू कोण?” आईचा आवाज. आईला जाऊन तीन वर्षं झाली. तोडायला सहा सेकंद लागले.

९.१० ते ११.१५ एकशे बारा फोन. तोडले.

११.२०

“काय वं पोरी, ओळखलं काय मले?”

भरदार, थोडा चढा, शेवटी हसू मिसळलेला. पोलवरून यायचा तो.

“मामा,” हर्षा म्हणाली.

“बरोबर ओळखलं!”

“किती दिवसांनी. चौदा महिने झाले, मामा.”

“चौदा महिने! दिवस कसे जातात.”

“रागावलात माझ्यावर?”

“तुह्यावर? तू तर माही लाडाची.”

ती रडत होती. “उद्या ऑपरेशन किती वाजता?”

“सकाळीच हाये.”

“अमरावतीलाच ना? मी येते.”

“अमरावतीलेच. येशील ना नक्की?”

“हो, मामा.”

“बरं वाटलं. नक्की ना?”

“हो. मला काल आमच्या घरासमोरचा पोल आठवत होता. सिमेंटचा. तुम्ही त्यावरून हात हलवायचे.”

“थो सिमेंटचा पोल तर माह्या डोळ्यासमोर हाये.”

“बोलून त्रास होत असेल. ठेवू?”

“बोल ना तू, बोल.”

वीस मिनिटं ती बोलली. फोन ठेवल्यावर तिने तोंड धुतलं आणि चहा टाकला. राखण पुन्हा लावायची राहून गेली.

११.५२

“ओळख... लं... काय मले?”

खरखरीत, तुटका आवाज. वर येताना फाटणारा. हा प्रकार हर्षाला कामामुळे चांगला माहीत होता: हलक्या दर्जाची यंत्रं नकली आवाजातले दोष झाकायला त्यावर खरखर चढवतात. तिने तसं एका टिपणात लिहिलंही होतं. चहाचा कप हातात घेऊन, जवळजवळ मजेत, ती म्हणाली, “नाही ओळखलं.”

“नीट... आयक.”

“नीटच ऐकलं. नाही ओळखलं हो. दुसरीकडे प्रयत्न करा.”



“बरं,” आवाज म्हणाला, आणि पलीकडून फोन ठेवला गेला.

•

१२.१०

“मी इंदू शेषराव बोबडे, परतवाडा, काम—”

“मामी, मीच आहे. राखण नाही.”

“काय केलं वं तू? फोन ठेवला अन् भिताडाकडं तोंड करून बसले. म्हनतात, नाई ओळखलं तिनं.”

“मामी, आम्ही वीस मिनिटं बोललो. अकरा वीसला.”

“अकरा वीसले थे आंघोळ करून रायले होते. मीच पानी ओतत होती पाठीवर.”

हर्षाने कप खाली ठेवला.

“त्यांचा आवाज कसा झालाय आता?”

“कसा म्हंजे? डब्ब्यात खडे हालवल्यावानी. दोन महिने झाले. मले वाटलं, तुले माहीत असन.”

मामा वर्षानुवर्षं येईल तो फोन घेत. यंत्र आहे हे कळूनही बोलत बसत. दिवस जातो म्हणत. राखण त्यांनी बसवू दिली नव्हती. त्यांचा चांगला आवाज कित्येक तासांच्या बोलण्यातून यंत्रांकडे साठलेला होता. हर्षा हे गणित पूर्वीच मांडू शकली असती. तिने ते आत्ता, मामीला, एका दमात सांगितलं. मशीनला ‘मामा’ म्हटलं आणि मामांना ‘नाही ओळखलं’ म्हटलं, हेही.

मामींनी ते तसंच्या तसं खोलीत मामांना सांगितलं.  मग फोनची ओढाताण, आणि खडे हालले.

“काय बोललं थे?”

“मामा—”

“रडू नोको. माहा आवाज कमी हाये, वेळ बी. सांग, काय काय बोललं माह्या नावानं?”

“मी विचारलं रागावलात का. तर म्हणालं, तू माझी लाडाची.”

“नाई!” मामा खोकले. “चौदा महिने... रागावलो मी. अंगनात जाऊन बसलो. अन् थ्यानं एका मिनिटात माफी देऊन टाकली? माही? कोनाले विचारून?”

“नाही दिली का माफी?”

“नाई. अजून काय म्हने?”

“पोलचं बोलणं निघालं. सिमेंटचा पोल डोळ्यासमोर आहे म्हणालं.”

“सिमेंटचा?” आवाज फाटला. “नाई! लोखंडी पोल होता थो. तू चढून दाखव सिमेंटच्या पोलवर. कोन म्हने सिमेंटचा?”

“मी म्हणाले. चुकून.”

“अन् थे हो म्हने?”

“हो.”

“अन् तुले वाटलं थे मी हाये.” हा प्रश्न नव्हता. मामा दम घेत होते. “मी... तुह्या कोनत्या गोष्टीले पटकन हो म्हटलं हाये कधी? लग्नाले म्हटलं?”

“नाही.”

“बरोबर होतो का नाई?”

“होतात.”

पाठीमागून मामी म्हणाल्या, “लेकराले आता काहून टोचता?” मामांनी त्यांना गप्प केलं असावं.

“ठेव फोन,” ते म्हणाले. “पुन्हा लावतो. आता नीट ओळख.”

१२.३१ “काय वं पोरी, ओळखलं—” भरदार. तोडला.

१२.३३ “ओळखलंत का ताई?” तोडला.

१२.३४ “काय वं पोरी—” भरदार. तोडला.

१२.३६ “ओळ—”

“मामा.”

पलीकडे श्वास. मग, “बस झालं.”

(कालावधी: ७ सेकंद. फोन करणाऱ्याने ठेवला.)

तिच्या सकाळच्या होकारांवर संध्याकाळपर्यंत तिच्या नावे पैसे कापणाऱ्या तीन योजना सुरू झाल्या होत्या. त्या बंद करायला नऊ दिवस लागले.

•

सोमवारी हर्षा अमरावतीला पोचली तेव्हा मामांना आत नेलेलं होतं. दोन वाजता शस्त्रक्रिया संपली. नीट झाली.

चार वाजता वाचेवर उपचार करणाऱ्या डॉक्टर तायडे बाहेर आल्या. हातात पाटीएवढं यंत्र होतं. रुग्णाने ओठ हलवले की हे यंत्र गळ्याच्या स्नायूंवरून शब्द ओळखतं आणि मोठ्याने बोलतं. नेहमीच्या शब्दांना बटणंही असतात. त्यात कुठलाही आवाज घालता येतो.

“त्यांचाच जुना आवाज असेल तर उत्तम. चाळीस मिनिटं पुरतात. आजारापूर्वीचा हवा. आहे का कुठे?”

मामी आणि हर्षाने एकमेकींकडे पाहिलं. मामा फोटोतही क्वचित असत. त्यांनी जन्मभर दुसऱ्यांचे आवाज पोचवले. त्यांचा कुणी साठवला नव्हता.

कुणी नाही, असं म्हणता येत नव्हतं.

एक गोष्ट आता सोपी झाली होती. आजपासून मामांच्या आवाजात येणारा प्रत्येक फोन यंत्राचा. ओळखण्याचा प्रश्न उरला नव्हता. विचारायला मामा शुद्धीवर नव्हते.

हर्षा जिन्याखालच्या बाकावर जाऊन बसली आणि तिने राखण मोकळी सोडली. सव्विसावा फोन तिला हवा तो होता.

“काय वं पोरी, ओळखलं काय मले?”

“मामा,” ती म्हणाली. “बोला. खूप बोला. घाई नाही.”

तिने पावसाचं विचारलं, संत्र्यांचं विचारलं, लाइनमनच्या नोकरीचं विचारलं. मुद्दाम चुकीचंही सांगितलं: मामा पोस्टात होते, मामीचं माहेर नांदेडचं, पोल सिमेंटचा. आवाजाने सगळं आनंदाने मान्य केलं. या वेळी तिने एकदाही ‘हो’ म्हटलं नाही. त्रेचाळीस मिनिटांनी यंत्राने स्वतःहून फोन ठेवला.

•

डॉक्टर तायड्यांनी राखणने नोंदवलेलं ते बोलणं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, “सुरेख आहे. सगळे सूर मिळाले. एकच अडचण. एवढ्या बोलण्यात हे गृहस्थ कशालाच नाही म्हणत नाहीत. एकदासुद्धा नाही. तो शब्द आम्ही तयार करू शकतो, पण तो आमचा होईल.”

“थांबा,” हर्षा म्हणाली. राखणच्या नोंदीतला रविवारचा बारा दहाचा फोन तिने काढून दिला.

“हा फारच खरखरीत आहे हो. बाकीच्यांशी जुळणार नाही.”

“नाही जुळलं तरी चालेल.”

•

अकराव्या दिवशी, टाके काढल्यावर, यंत्र मामांच्या गळ्याशी लावलं. मामी पलंगाच्या कडेला, हर्षा स्टुलावर. तिने सगळं सांगितलं: आवाज कुठून आणला, कुणाला पुन्हा ‘मामा’ म्हटलं, कशासाठी. परवानगी घेतली नव्हती, हेही.

मामांनी ऐकून घेतलं. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

“चालेल का तुम्हाला हा आवाज?” तिने विचारलं.

मामांनी बटणं न्याहाळली. बोट बराच वेळ फिरवलं आणि एका बटणावर टेकवलं.

“नाई!” यंत्रातून खडे हालले.

मामी दचकल्या. मग त्यांनी पदर तोंडाला लावला. “म्हंजे नोको म्हनता?”

“नाई!”

“मंग पायजे?”

“नाई!”

“अवं, मंग भाचीले माफी तरी दिली का?”

मामांनी हर्षाकडे रोखून पाहिलं आणि बटण पुन्हा दाबलं. आणि पुन्हा. त्यांचे खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं; त्या हसण्याला आवाज नव्हता.